खानदेशची मालगाडी: विकत घेतलेली की घडवलेली?

१/ इंग्रजीतील ‘वॅगन’ मराठीत आली आणि तिची ‘वाघीण’ झाली. मालगाडीच्या डब्याला इतके देखणे नाव क्वचितच एखाद्या भाषेने दिले असेल. या धाग्याचा प्रश्न मात्र साधा आहे. जळगाव किंवा धुळ्याच्या एखाद्या तरुणाला कापसाच्या गाठी वाहणारी जुनी मालगाडी लहान आकारात, टेबलावरच्या रुळांवर उभी करायची आहे. त्याने डबे तयार विकत घ्यावेत की स्वतः बनवावेत?

२/ वरवर हा छंदाचा प्रश्न वाटतो. परंतु ‘विकत घ्यायचे की घडवायचे’ हा वाद भारतातील खऱ्या वाघिणींच्या बाबतीतही दीर्घकाळ चालला होता. म्हणून आधी मोठी गाडी पाहू आणि मग लहान गाडीकडे वळू.

३/ १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे ही पहिली प्रवासी गाडी धावली. ग्रेट इंडियन पेनिन्सुला, म्हणजे जीआयपी रेल्वेची, यंत्रसामग्री इंग्लंडहून येई. मालडब्यांचे लोखंडी सांगाडे, चाके आणि आस जहाजाने मुंबईत उतरत. त्यांची जुळणी, आणि पुष्कळदा वरचे लाकडी काम, इथल्या कारखान्यांत होई. हे काम आधी भायखळ्याला चाले; पुढे १८७९ पासून परळला होऊ लागले.

४/ आजच्या भाषेत सांगायचे तर भारतातील पहिल्या वाघिणी ‘किट’ होत्या. आराखडा आणि महत्त्वाचे भाग विलायतेचे, जुळणारे हात मुंबईचे. मॉडेलकारांच्या जगात ज्याला ‘पूर्ण तयार’ आणि ‘पूर्ण हातचे’ यांच्या मधली पायरी म्हणतात, नेमकी तीच ही पायरी.

५/ यामागे पैशाचे गणित होते. रेल्वे कंपन्यांच्या भांडवलावर सरकारने ५ टक्के परताव्याची हमी दिली होती. तूट आली तर ती हिंदुस्थानच्या तिजोरीतून भरली जाई. त्यामुळे काटकसरीची निकड कंपन्यांना फारशी नव्हती आणि खरेदीची बाजारपेठ ओघानेच इंग्लंड ठरली.

६/ आता खानदेशात येऊ. १८६० च्या दशकात जीआयपीचा मार्ग चाळीसगाव, पाचोरा, जळगाव, भुसावळ असा पुढे सरकत होता. १८६७ मध्ये तो नागपूरला पोहोचला. १८७० मध्ये त्याची दुसरी शाखा जबलपूरला ईस्ट इंडियन रेल्वेला मिळाली आणि मुंबई कलकत्त्याशी लोहमार्गाने जोडली गेली. या दोन शाखा जिथे फुटतात ते भुसावळ.

७/ त्याच दशकात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले (१८६१ ते १८६५). दक्षिणेकडील संस्थानांच्या बंदरांची नाकेबंदी झाली, लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेना आणि त्यांची नजर पश्चिम भारताकडे वळली. जळगावची मोठी कापूसपेठ म्हणून ओळख याच काळातली. युद्ध संपले, भाव कोसळले, पेठेला धक्का बसला; पण रूळ आणि कापसाचे नाते टिकले.

८/ धुळ्याची गोष्ट वेगळी. अखंड खानदेश जिल्ह्याचे मुख्य ठाणे धुळे. तरी मुख्य मार्ग त्याला बाजूला ठेवून गेला. चाळीसगाव–धुळे फाटा सुरू झाला १९०० मध्ये. सुरतेहून येणारी तापी खोऱ्याची रेल्वेही याच सुमारास अमळनेरपर्यंत आली. १९०६ मध्ये जिल्ह्याचे पूर्व आणि पश्चिम खानदेश असे दोन भाग झाले, तेव्हा दोन्ही मुख्य ठाण्यांवर वाघिणी लागत होत्या.

९/ या वाघिणी कोणी बनवायच्या? भारतीय हातांना कौशल्य नव्हते, असे म्हणता येत नाही. १८९५ मध्येच अजमेरच्या कारखान्यात एफ-७३४ हे संपूर्ण वाफेचे इंजिन तयार झाले होते. तरीही आयात चालूच राहिली. अडचण कारागिरीची कमी आणि मागणी नोंदवणाऱ्यांच्या धोरणाची अधिक होती.

१०/ पहिल्या महायुद्धात जहाजे अडली आणि परावलंबनाची किंमत कळली. १९१८ मध्ये बंगालमधील बर्नपूरला इंडियन स्टँडर्ड वॅगन कंपनी उभी राहिली. १९२४ च्या पोलाद उद्योग संरक्षण कायद्यात देशात बनलेल्या वाघिणींना सरकारी अनुदानाची तरतूद झाली. ‘घडवायचे की घ्यायचे’ हा प्रश्न आता कायदेमंडळात पोहोचला होता.

११/ सर्वांनाच हे जमले नाही. १९२१ मध्ये जमशेदपूरजवळ इंजिने बनवण्यासाठी पेनिन्सुलर लोकोमोटिव्ह कंपनी स्थापन झाली. पुरेशा मागणीअभावी तिथे इंजिन बनलेच नाही. इंजिनांची मोठ्या प्रमाणावर देशी निर्मिती सुरू झाली ती १९५० मध्ये, चित्तरंजनला. घडवण्याची इच्छा पुरत नाही, घेणाराही लागतो, हा धडा लक्षात ठेवा. तो पुढे लागेल.

१२/ आता लहान गाडी. १८९१ मध्ये जर्मनीच्या मेर्कलिन कंपनीने खेळण्यातल्या गाड्यांसाठी रुळांची ठरावीक मापे बाजारात आणली. १९२० मध्ये इंग्लंडच्या हॉर्नबी गाड्या आल्या. १९३५ च्या सुमारास १६.५ मिलिमीटर रुंदीचे रूळ रुजले. त्यावरचे ‘एचओ’ प्रमाण म्हणजे १:८७. खऱ्या वस्तूचे ८७ मिलिमीटर, मॉडेलचा १ मिलिमीटर.

१३/ गंभीर मॉडेलकार मात्र बराच काळ स्वतःच घडवत. लाकूड, पत्रा, पुठ्ठा, पितळ. रेल्वेचे नकाशे आणि फूटपट्टी. विसाव्या शतकाच्या मध्यास प्लॅस्टिकच्या सोप्या किट आल्या. पुढे कारखान्यात जुळवून, रंगवून, अक्षरांसह येणारे तयार डबे इतके सुबक झाले की अमेरिका-युरोपातील अनेकांना स्वतः बनवण्याचे कारणच उरले नाही.

१४/ इथेच खानदेशच्या वाटेला काटा येतो. तयार डब्यांचे जग ग्राहकांच्या मागे जाते. त्यामुळे कंपन्यांच्या सूचीपत्रांत ब्रिटन, जर्मनी, अमेरिका यांच्या मालगाड्यांचा इतिहास दशकानुदशके, रंगानुरंगे सापडतो. भुसावळ यार्डातली वाघीण तिथे सहसा आढळत नाही. पेनिन्सुलर कंपनीचाच धडा, फक्त उलट्या बाजूने.

१५/ ‘मग इंग्रजी डबा घ्या आणि त्यावर जीआयपी लिहा.’ ही युक्ती जुनी आहे, पण गणित आडवे येते. १६.५ मिलिमीटर गुणिले ८७ म्हणजे सुमारे १४३५ मिलिमीटर. ही युरोप-अमेरिकेतील रुळांची रुंदी. भारतीय ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटर. १:८७ प्रमाणात ती १९.३ मिलिमीटर यायला हवी.

१६/ फरक पावणेतीन मिलिमीटरचा. पण रुंदीच्या सातव्या भागाइतका. तयार रुळांवर ठेवलेली भारतीय गाडी समोरून पाहिली की चाके आत ओढल्यासारखी दिसतात. ब्रिटिश वाघीण तर मुळातच अरुंद, कारण तिथले बोगदे आणि पूल लहान. आपल्या मालगाडीचा भारदस्तपणा तिच्या रुंदीत आहे आणि रंग बदलून रुंदी येत नाही.

१७/ चाकांचेही तसेच. बॉक्सएन या कोळसा वाहणाऱ्या वाघिणीचे नवे चाक १००० मिलिमीटर व्यासाचे. १:८७ ला ते ११.५ मिलिमीटर होते. अमेरिकी डब्यांचे ३६ इंची चाक त्याच प्रमाणात १०.५ चे. एक मिलिमीटर किरकोळ वाटतो, पण डब्याची उंची आणि बैठक त्यावर ठरते.

१८/ आता एक सुखद योगायोग. पाचोरा–जामनेर ही खानदेशची लाडकी ‘पीजे’ छोटी गाडी. १९१८-१९ मध्ये सुरू झालेली, सुमारे ५६ किलोमीटरची, वरखेडी, शेंदुर्णी, पहूरमार्गे जाणारी. तिच्या रुळांची रुंदी ७६२ मिलिमीटर, म्हणजे १:८७ ला ८.८. बाजारात ९ मिलिमीटरचे रूळ सहज मिळतात!

१९/ म्हणजे मुंबई–नागपूर महामार्गाचे रूळ तयार मिळत नाहीत, पण जामनेरच्या छोट्या गाडीचे जवळजवळ अचूक मिळतात. डबे अर्थातच स्वतः बनवावे लागतील. आणि इथे घाई आहे. २०२० पासून ही गाडी बंद आहे आणि मार्गाचे ब्रॉडगेजमध्ये रूपांतर ठरले आहे. तिचे अरुंद रूळ आणि त्यांवरची वस्तू मोजण्याची संधी दरवर्षी कमी होत जाणार.

२०/ तयार मॉडेलची बाजूही न्यायाने मांडली पाहिजे. ती सुरळीत धावतात, वेळ वाचवतात आणि संपूर्ण नगर, सिग्नल, वाहतूक असा मोठा देखावा उभा करायचा असेल तर त्यांना पर्याय नसतो. पुण्यात कोथरूडला भाऊ जोशी यांनी उभारलेले, १९९८ मध्ये खुले झालेले लघुरेल्वे संग्रहालय पाहा. चालत्या गाड्यांचे नाट्य काय असते, ते तिथे कळते.

२१/ म्हणून शहाणा मार्ग भायखळ्याचाच! चाके, आस, कपलिंग विकत घ्यावीत, कारण तिथे अचूकता यंत्राचीच हवी. वरचा डबा स्वतः घडवावा, कारण तो दुसरा कोणी घडवणार नाही. पुठ्ठा, पातळ प्लॅस्टिकचा पत्रा, आता त्रिमितीय छपाईही. साधन कोणतेही चालेल. ब्रॉडगेजसाठी आस लांब करून रूळही स्वतः टाकायचे की १६.५ वर तडजोड करायची, हे आधीच ठरवावे.

२२/ पहिला प्रश्न मात्र साधनाचा नसतो, सालाचा असतो. डब्यावर जीआयपी हवे? मग काळ ५ नोव्हेंबर १९५१ पूर्वीचा, कारण त्या दिवशी मध्य रेल्वे अस्तित्वात आली. भुसावळला वर विजेच्या तारा हव्यात? मग १९६० च्या दशकाची अखेर किंवा नंतर. बॉक्सएन हवी? मग १९८० च्या दशकापूर्वी नाही. चारचाकी बंद वाघीण, दोन बाजूंचे बफर आणि साखळीची कपलिंग हवी? मग त्याआधीचे जग.

२३/ माप कुठून आणायचे? जुन्या छायाचित्रातूनही ते निघते. डबा समोरून टिपलेला असेल तर त्याच्या चाकांखालील दोन रुळांमधले अंतर १६७६ मिलिमीटर, हे आपल्याला ठाऊक आहे. तीच तुमची फूटपट्टी. त्यावरून डब्याची रुंदी आणि उंची काढा. इतिहासकार जसा एका ज्ञात तारखेवरून बाकीच्या तारखा लावतो, तसेच हे.

२४/ एक हिशेब करून पाहा. बॉक्सएन सुमारे १०.७ मीटर लांब; १:८७ ला १२३ मिलिमीटर. अमेरिकेतील मॉडेलकार संघटनेच्या शिफारशीनुसार एवढ्या डब्याचे वजन साधारण ९५ ते १०० ग्रॅम असावे, नाहीतर वळणावर तो रूळ सोडतो. दीपनगरच्या वीजकेंद्राकडे जाणारा ५८ वाघिणींचा कोळशाचा रेक केला तर लांबी ७ मीटरच्या वर. इतकी खोली कुणाकडे असते?

२५/ म्हणून पूर्ण गाडीचा हट्ट सोडावा. धुळ्याच्या फाट्यावरची चार-सहा डब्यांची मालगाडी किंवा रावेर, सावद्याच्या फलाटालगत केळी भरून घेणाऱ्या दोन वाघिणी. एका टेबलावर मावेल असा, पण साल, रंग, अक्षरे आणि माप यांत खरा असलेला तुकडा. खोटी पन्नास डब्यांची गाडी त्याची बरोबरी करू शकत नाही.

२६/ कारण मॉडेलही पुरावा ठरते. रंग बदललेल्या इंग्रजी डब्यावर ‘भुसावळ’ लिहिलेले पाहून पुढची पिढी तेच खरे मानेल. उलट, मोजून बनवलेला एक साधा डबा कागदपत्र हरवल्यावरही सांगत राहील की खानदेशचा कापूस कशातून गेला, दार कुठे होते, हमाल किती उंचीवर गाठ उचलत होता.

२७/ ज्यांच्या घरी रेल्वेत काम केलेले आजोबा, काका असतील त्यांनी एवढे करावे: त्यांच्याकडील जुन्या छायाचित्रांच्या मागे स्थानक आणि साल लिहून ठेवावे. वाघिणीवरचे आकडे, अक्षरे दिसत असतील तर टिपून घ्यावीत. डबा पुढे कोणीही बनवेल; ही नोंद मात्र त्यांच्याकडूनच आणि आजच घेता येईल.

(धागा समाप्त)