वंगणापासून गिअरबॉक्सच्या तेलापर्यंत : सावली परिसराच्या संदर्भात वाहन-निगेचा ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :

यंत्राचा इतिहास म्हणजे त्याच्या शोधाचा इतिहास, असा एक समज अभ्यासकांत रूढ आहे. यंत्र कोणी, कोठे व केव्हा निर्माण केले याच्या नोंदी विपुल सापडतात. परंतु ते यंत्र चालू कोणी ठेवले, त्याला तेल कोणी घातले, त्याचा झिजलेला भाग कोणी बदलला, याचा इतिहास बहुधा अलिखितच राहतो. वास्तविक निर्मितीचा काळ अल्प असतो आणि निगेचा काळ प्रदीर्घ असतो.

चंद्रपूर जिल्ह्यातील सावली हे तालुक्याचे गाव मूल–गडचिरोली मार्गावर, वैनगंगेच्या पश्चिमेस वसले आहे. २६ ऑगस्ट १९८२ रोजी गडचिरोली हा स्वतंत्र जिल्हा झाल्यानंतर सावली ही या दोन वनजिल्ह्यांच्या सीमेवरची भूमी ठरली. धानाची शेती, जंगल आणि मोठ्या शहरांपासूनचे अंतर ही या परिसराची वैशिष्ट्ये होत. अशा प्रदेशात वाहन बिघडणे ही केवळ गैरसोय नसते; दवाखाना, बाजार व शाळा यांच्याशी असलेला संबंधच त्यामुळे तुटतो. या पार्श्वभूमीवर वाहनाची निगा राखण्याचे ज्ञान वापरणाऱ्याच्या हाती कसे होते, ते त्याच्या हातून कसे निसटले आणि ते काही अंशी परत कसे मिळविता येईल, याचा विचार स्वयंचलित अर्थात ऑटोमॅटिक गिअरबॉक्समधील तेल व फिल्टर यांच्या उदाहरणावरून करणे हे प्रस्तुत लेखाचे उद्दिष्ट आहे.

बंडी आणि वंगण :

झाडीपट्टीतील पूर्वापार वाहन म्हणजे बंडी. तिचे लाकूड सुतार घडवी, चाकावर लोखंडी धाव लोहार चढवी. परंतु तिची रोजची निगा मात्र बंडीवानाकडेच असे. लाकडी तुंबा आणि कणा यांच्यातील घर्षण कमी करण्यासाठी तेलात जळक्या चिंध्यांची किंवा गवताची राख कालवून वंगण केले जाई. ते बरोबर बाळगून वेळोवेळी चाक सैल करून कण्याला लावले जाई. चाक कुरकुरू लागले की वंगण संपले, हे सांगण्यास कोणा तज्ज्ञाची आवश्यकता नव्हती. निदान, साहित्य आणि कृती या तिन्ही गोष्टी एकाच माणसाच्या ताब्यात होत्या, हे या व्यवस्थेचे मर्म होय.

सावली, चरखा आणि दुरुस्तीचा खर्च :

सावलीला आधुनिक भारताच्या इतिहासात एक विशेष स्थान आहे. येथे चरखा संघाचे खादी-केंद्र होते आणि १९३६ साली गांधी सेवा संघाचे अधिवेशन येथेच भरले. त्या वेळी किशोरलाल मशरूवाला संघाचे अध्यक्ष होते व महात्मा गांधी स्वतः उपस्थित होते. गांधीजी यंत्रमात्राचे विरोधक होते, असे ढोबळ विधान अनेकदा केले जाते. तथापि शिवणयंत्रासारख्या, माणसाच्या हाताला साहाय्य करणाऱ्या यंत्राचा त्यांनी १९२४ सालीच अपवाद केला होता.

या संदर्भात १९२९ सालची एक घटना अधिक बोलकी आहे. सुधारित चरख्यासाठी चरखा संघाने एक लाख रुपयांचे पारितोषिक जाहीर केले. त्याच्या अटींमध्ये सूत किती निघावे एवढेच नमूद नव्हते. यंत्राची किंमत १५० रुपयांपेक्षा अधिक नसावी, वेळच्या वेळी दुरुस्ती केल्यास ते किमान २० वर्षे टिकावे आणि दुरुस्तीचा वार्षिक खर्च किमतीच्या ५ टक्क्यांहून, म्हणजे साडेसात रुपयांहून, अधिक नसावा, अशीही अपेक्षा त्यात होती. हे पारितोषिक कोणासही मिळाले नाही. परंतु देखभाल-सुलभता हा यंत्राच्या रचनेचाच एक निकष मानावा, हा विचार त्यातून स्पष्ट झाला. पुढील विवेचनात हाच निकष मोटारीला लावून पाहिला आहे.

मोटारयुग आणि मेकॅनिकचा उदय :

सोलापूरचे सुपुत्र वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली व मुंबईतील कुर्ला येथे मोटारींची जुळणी होऊ लागली. १ जून १९४८ रोजी पुणे–अहमदनगर मार्गावर राज्य परिवहनाची पहिली बस धावली. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेनंतर विदर्भही या व्यवस्थेत आला. दापोडी, चिकलठाणा व हिंगणा येथील एस.टी.च्या मध्यवर्ती कार्यशाळा आणि औद्योगिक प्रशिक्षण संस्था यांतून वाहन-दुरुस्तीचे ज्ञान असलेला एक नवा कारागीर वर्ग उदयास आला. या पिढीतील मोटारींचा गिअरबॉक्स हाताने चालविण्याचा होता. त्याच्या तळाशी तेल सोडण्याचा बोल्ट व बाजूस तेल भरण्याचा बोल्ट असे. फिल्टर नसे. पाना, नरसाळे आणि एक जुने घमेले एवढ्या साहित्यावर हे काम झाडाखालीही होत असे. सारांश, बंडीच्या वंगणाची परंपरा येथपर्यंत अखंड होती.

स्वयंचलित गिअरबॉक्स आणि त्यातील द्रव :

या परंपरेला छेद देणारे तंत्र परदेशात विकसित झाले. जर्मन अभियंता हर्मान फ्यॉटिंगर याने १९०५ च्या सुमारास जहाजांसाठी द्रवाच्या माध्यमातून शक्ती वाहून नेणारी यंत्रणा शोधली. त्याच तत्त्वाचा आधार घेऊन अमेरिकेतील जनरल मोटर्सने १९३९ साली ‘हायड्रा-मॅटिक’ हा स्वयंचलित गिअरबॉक्स जाहीर केला व तो १९४० च्या ओल्ड्समोबाइल मोटारींत बसविला. १९४९ साली या गिअरबॉक्ससाठी ‘टाइप ए’ हे तेलाचे प्रमाणक ठरले. १९६७ मध्ये त्याची जागा ‘डेक्सरॉन’ने घेतली.

या तेलाचे कार्य साध्या वंगणाहून वेगळे आहे. इंजिनाची शक्ती ते पुढे नेते, दाब निर्माण करून क्लच मिटविते, भागांना वंगण पुरविते आणि उष्णताही वाहून नेते. शिवाय क्लचच्या चकत्या एकमेकींना नेमक्या किती प्रमाणात घसरू द्यायच्या, हेही या तेलाच्या गुणधर्मावर अवलंबून असते. या शेवटच्या कामासाठी प्रारंभीच्या तेलांत स्पर्म देवमाशाचे तेल मिसळले जाई. १९७० च्या दशकाच्या आरंभी अमेरिकेने देवमाशांना संरक्षण दिल्यावर रसायनशास्त्रज्ञांना त्याला पर्याय शोधावा लागला. एका सागरी प्राण्याचे संरक्षण आणि मोटारीच्या गिअरबॉक्सचे तेल यांचा असा संबंध तंत्रज्ञानाच्या इतिहासात लक्षणीय ठरतो.

भारतात या प्रकारच्या खासगी मोटारी १९९० च्या दशकापर्यंत क्वचितच दिसत. २०१४ साली मारुती सेलेरिओ एएमटीसह बाजारात आल्यावर क्लचविरहित मोटार मध्यमवर्गाच्या आवाक्यात आली. येथे एक भेद ध्यानात घेणे आवश्यक आहे. एएमटी म्हणजे मुळात हाताने चालविण्याचाच गिअरबॉक्स. त्याचा क्लच व गिअर तेवढे यंत्र हलविते. त्यामुळे त्यात साधे गिअर ऑइलच लागते. टॉर्क कन्व्हर्टर, सीव्हीटी आणि दुहेरी क्लच या प्रकारांचे द्रव परस्परांहून भिन्न असतात. ‘ऑटोमॅटिकचे तेल’ म्हणून कोणताही डबा ओतल्यास गिअरबॉक्स निकामी होऊ शकतो. चंद्रपूरच्या खुल्या कोळसा खाणींत राबणाऱ्या अवजड डंपरांमध्येही टॉर्क कन्व्हर्टर असतो. मात्र तेथे तेल-फिल्टर बदलण्याचे वेळापत्रक कार्यशाळा सांभाळते. खासगी मोटारमालकाला असा आधार नसतो.

घरी तेल व फिल्टर बदलण्याची रीत :

टॉर्क कन्व्हर्टर असलेल्या गिअरबॉक्समधील हे काम स्वरूपतः अवघड नाही, पण काटेकोर आहे. प्रथम मोटारीच्या पुस्तिकेतून तेलाचे प्रमाणक, भरण्याचे माप व बोल्ट आवळण्याचे बल पाहून घ्यावे. थोडे अंतर चालवून तेल कोमट करावे. सपाट, टणक जागी मोटार उचलून ती भक्कम स्टँडवर टेकवावी; केवळ जॅकच्या भरवशावर मोटारीखाली शिरणे प्राणघातक ठरू शकते. तळाशी बोल्ट असल्यास तेल त्यातून सोडावे. नसल्यास ऑइल पॅनचे एका बाजूचे बोल्ट प्रथम सैल करून पॅन तिरपा करीत तेल घमेल्यात घ्यावे. किती तेल निघाले ते मोजून ठेवावे.

पॅनमधील चुंबकावर करडा, मऊ थर आढळल्यास ती नेहमीची झीज होय. धातूचे तुकडे आढळल्यास मात्र आतील बिघाड संभवतो. जुना फिल्टर काढताना त्याची रबरी कडी आतच अडकलेली नाही ना, हे पाहावे. नवा फिल्टर व नवे गॅस्केट बसवून बोल्ट समोरासमोरच्या क्रमाने, नेमून दिलेल्या बलाने आवळावेत. निघाले तितकेच तेल भरून इंजिन सुरू करावे, ब्रेक दाबून गिअरचा दांडा प्रत्येक स्थानात काही क्षण ठेवावा आणि मग पातळी तपासावी. काही मोटारींत ती पट्टीवर, तर काहींत तेल सुमारे ४० अंश सेल्सिअस असताना वाहून जाणाऱ्या तेलावरून पाहतात. तेथे पुस्तिकेतील तापमानच प्रमाण मानावे. कन्व्हर्टरमध्ये बरेच तेल शिल्लक राहत असल्याने एका वेळी बहुधा निम्म्याहून कमी तेल बदलले जाते, हेही ध्यानात ठेवावे. ज्या मोटारींत फिल्टर गिअरबॉक्स उघडल्यावाचून निघत नाही, तेथे घरी केवळ तेलच बदलता येते.

‘आजीवन तेल’ आणि परावलंबन :

उत्तरोत्तर अनेक मोटारींतून तेल मोजण्याची पट्टी नाहीशी झाली. गिअरबॉक्समधील तेल ‘आजीवन’ आहे, ते बदलण्याची गरज नाही, असेही सांगितले जाऊ लागले. परंतु गिअरबॉक्स बनविणारी जर्मनीतील झेड एफ ही कंपनी आपल्या स्वयंचलित गिअरबॉक्सचे तेल ८०,००० ते १,२०,००० किलोमीटरनंतर किंवा आठ वर्षांनी बदलावे, असे सुचविते. म्हणजे ‘आजीवन’ या शब्दातील आयुष्य नेमके कोणाचे, हा प्रश्न उरतोच. उन्हाळ्यात ४५ अंशांपलीकडे जाणारे चंद्रपूरचे तापमान आणि रस्त्यावरील धूळ यांचा विचार करता येथे तेल तुलनेने लवकर जीर्ण होणे स्वाभाविक आहे.

ज्ञानाचे हे हस्तांतर आता सार्वजनिक चर्चेचा विषय झाले आहे. भारत सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्काविषयी जुलै २०२२ मध्ये समिती नेमली व डिसेंबर २०२२ मध्ये त्यासाठी संकेतस्थळ सुरू केले. त्यात मोटारी व शेतीची अवजारे यांचाही समावेश आहे. तथापि हक्काबरोबर उत्तरदायित्वही येते. वापरलेले तेल हा घातक कचरा असून त्याच्या पुनर्प्रक्रियेची जबाबदारी उत्पादकांवर टाकणारे नियम १ एप्रिल २०२४ पासून लागू झाले आहेत. जळके ऑइल नालीत ओतले तर ते पावसाळ्यात धानाच्या बांधीपर्यंत पोहोचते. ते बंद डब्यात साठवून अधिकृत संकलकाकडे देणे हा या कामाचाच शेवटचा टप्पा मानला पाहिजे.

निष्कर्ष :

१. बंडीपासून हाताने चालविण्याच्या गिअरबॉक्सपर्यंत निगेचे ज्ञान वापरणाऱ्याच्या अथवा गावातील कारागिराच्या हाती होते. स्वयंचलित गिअरबॉक्सने या परंपरेत खंड पाडला.

२. या खंडाचे कारण केवळ तांत्रिक गुंतागुंत नव्हे. तेलाची पट्टी काढून टाकणे व ‘आजीवन तेल’ ही कल्पना रूढ करणे, हे रचनाकारांचे व विक्रेत्यांचे निर्णय होत.

३. दुरुस्तीचा खर्च व सुलभता हा यंत्राच्या रचनेचा निकष असावा, हा १९२९ च्या चरखा-पारितोषिकातील विचार आजही उपयुक्त आहे.

४. सावलीसारख्या वनजिल्ह्यांतील गावांत प्रत्येकाने मोटारीखाली शिरावे, असा याचा अर्थ नाही. परंतु तेल कोणते, ते केव्हा बदलावे आणि जुने कोठे द्यावे, एवढे प्रत्येक मालकाला व स्थानिक मेकॅनिकला ठाऊक असणे अगत्याचे आहे. औद्योगिक प्रशिक्षण संस्था व महाविद्यालये यांनी मराठीतून हे ज्ञान उपलब्ध करून दिल्यास सावलीने एके काळी जोपासलेल्या स्वावलंबनाच्या विचाराला नव्या काळात आशय लाभेल.