नवख्याचे नाव मस्टरवर



ज्या गड्याने एखादा खेळ रीतसर खेळलेला नाही, त्याला त्या खेळाच्या पगारी संघात जागा मिळू शकते काय? प्रश्न दिसायला खेळाचा आहे. परंतु नोकरीच्या दाराशी उभ्या असलेल्या प्रत्येक तरुणाचा तो प्रश्न आहे. "अनुभव आहे का?" असे त्याला विचारतात, आणि काम मिळाल्यावाचून अनुभव कोठून आणावा, हे मात्र कोणी सांगत नाही. कामगार संघटनेचे काम करताना हा सवाल आमच्या कानांवर नित्य पडतो. अमेरिकेतील व्यावसायिक फुटबॉलच्या इतिहासात त्याची उत्तरे नावनिशीवार आणि सालवार नोंदलेली आहेत. म्हणून आज आम्ही आपल्याला तिकडे घेऊन जाणार आहोत.

प्रथम खेळाविषयी दोन शब्द. तिकडे ज्याला फुटबॉल म्हणतात तो आपल्या मैदानावरचा फुटबॉल नव्हे. चेंडू लांबट असतो आणि तो बहुतकरून हातांनीच नेतात. अकरा गडी इकडे, अकरा तिकडे. ज्या बाजूकडे चेंडू आहे तिने चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचे. न सरकल्यास चेंडू प्रतिपक्षाकडे जातो. चेंडू उराशी धरून पळायचे, नाही तर लांब फेकून धावत्या सोबत्याकरवी झेलायचा, या पुढे जाण्याच्या दोन वाटा. प्रतिपक्षाने अंगावर आदळून, मिठी मारून गडी खाली पाडायचा. कबड्डीतील पकड ज्याने पाहिली आहे त्याला थोडी कल्पना येईल. फक्त येथे शंभर-सव्वाशे किलोचा गडी धावत येऊन आदळतो.

या खेळाची प्रमुख संस्था म्हणजे नॅशनल फुटबॉल लीग. ती संघमालकांची संस्था असून १९२० साली स्थापन झाली. आज तिच्यात ३२ संघ आहेत आणि प्रत्येक संघाच्या मस्टरवर ५३ नावे असतात. म्हणजे साऱ्या देशात सतराशेही जागा नाहीत. उन्हाळ्यात प्रत्येक संघ सरावाच्या छावणीत ९० गडी बोलावतो आणि ऑगस्टअखेर त्यांतील ३७ नावे कापतो. कापलेल्यांपैकी काहींना सरावापुरते ठेवून घेतात, बाकीचे घरी जातात. कॉलेजांतून तयार झालेले गडी मालकांनी आपसांत वाटून घ्यायचे, ही वार्षिक निवडीची पद्धत १९३६ पासून चालू आहे. तिला ड्राफ्ट म्हणतात. अशा कारखान्यात कॉलेजचा शिक्का नसलेला गडी शिरणार कसा?

तरी एक शिरला. १९५२ सालची गोष्ट. लॉस अँजेलिस शहरातील रॅम्स संघाने आदल्याच मोसमात अजिंक्यपद मिळवले होते. त्याच्या कचेरीत एके दिवशी रिचर्ड लेन नावाचा कृष्णवर्णीय तरुण कात्रणांची वही काखेत मारून आला. हा मूळचा टेक्सासमधील ऑस्टिनचा. तान्हा असतानाच टाकून दिलेला. एला लेन नावाच्या विधवा बाईने त्याला उचलून आपल्या मुलांसारखे वाढवले. एका लहानशा कॉलेजात तो एक मोसम खेळला, पुढे चार वर्षे लष्करात होता. तेथून सुटल्यावर विमानाच्या कारखान्यात लागला. काम काय, तर तेलाने माखलेले जड पत्रे उचलून प्रेसवर चढवायचे. ज्यांनी प्रेसखात्यात पाळी भरली आहे त्यांना त्या कामाचे अधिक वर्णन करून सांगायला नको.

प्रशिक्षक जो स्टायडहार यांनी कात्रणे चाळली आणि लेनला छावणीत घेतले. त्याला लांब फेकीचा चेंडू झेलणारा व्हायचे होते. परंतु त्या कामावर टॉम फिअर्स आणि एलरॉय हर्श हे दोन मातब्बर गडी आधीच होते. म्हणून लेनला बचावात टाकले. तेथे त्याचे लांब हात आणि वेग कामी आले. प्रतिपक्षाने आपल्या सोबत्याकडे फेकलेला चेंडू मधल्यामध्ये पळवणे ही बचावातील मोठी कामगिरी समजतात. त्या पहिल्याच मोसमात, अवघ्या बारा सामन्यांत, लेनने असे १४ चेंडू पळवले. पुढे मोसम चौदा सामन्यांचा झाला, सोळांचा झाला, २०२१ पासून सतरांचा झाला. परंतु एका मोसमातील १४ चा आकडा आजवर कोणी ओलांडलेला नाही. १९७४ साली लेनचे नाव या खेळाच्या कीर्तिमंदिरात लागले.

आता विचारू या, की लेन नवखा होता काय? कॉलेजचा एक मोसम आणि लष्करातील चार वर्षे त्याच्या गाठीशी होती. मालकांच्या वहीत मात्र त्याची नोंद नव्हती. शिकलेला पण नोंद नसलेला, आणि खरोखरच न शिकलेला, हे दोन निराळे लोक आहेत. कचेरीतला कारकून दोघांनाही एकाच रकान्यात घालतो आणि त्यावर "अनुभव नाही" असे लिहितो.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. लेन ज्या दारातून आत आला ते दार काही वर्षांपूर्वी त्याच्यासारख्याला बंदच होते. १९३४ ते १९४५ या बारा मोसमांत लीगमध्ये एकही कृष्णवर्णीय गडी नव्हता. तसा लेखी नियम कोठे नव्हता. परंतु सगळ्यांचे मालक वेगवेगळे आणि सगळ्यांचे वागणे एकसारखे, याचा अर्थ आम्हां कामगारांना फोडून सांगावा लागत नाही. केनी वॉशिंग्टन हा १९३९ साली लॉस अँजेलिसच्या विद्यापीठात देशभर नावाजलेला गडी होता. त्याच्यापाशी अनुभव होता, कीर्ती होती, कॉलेजचा शिक्का होता. तरी एकाही संघाने त्याची निवड केली नाही.

हे दार उघडले ते असे. १९४६ साली रॅम्स संघ क्लीव्हलँडहून लॉस अँजेलिसला आला आणि कोलिझियम हे तेथील मोठे मैदान मागू लागला. मैदान सार्वजनिक मालकीचे. कृष्णवर्णीयांच्या वर्तमानपत्रांतील पत्रकारांनी हा मुद्दा नेमका धरला. हॅली हार्डिंग हा त्यांतील एक पुढारी. मैदानाचा कारभार पाहणाऱ्या मंडळापुढे जाऊन त्याने खडसावून विचारले, की सर्वांच्या पैशाच्या मैदानावर आमच्या माणसांना बंदी का? रॅम्सला मैदान हवे होते. त्यांनी वॉशिंग्टनला करारबद्ध केले आणि पाठोपाठ वुडी स्ट्रोड यालाही घेतले. वॉशिंग्टन तोवर सत्तावीस वर्षांचा झाला होता, गुडघे दुखावलेले होते. तो तीन मोसम खेळला आणि निवृत्त झाला. त्याची उमेदीची वर्षे दाराबाहेर गेली. परंतु त्याच संघाच्या कचेरीत सहा वर्षांनी लेन वही घेऊन जाऊ शकला. लेनचे धैर्य आम्ही कमी लेखत नाही. एवढेच म्हणतो, की एकट्याने दार ठोठावायचे तर आधी अनेकांनी मिळून त्याचे कुलूप काढलेले असावे लागते.

दुसरे उदाहरण फिलाडेल्फियाचे. १९७६ साली ईगल्स संघाचे नवे प्रशिक्षक डिक व्हर्मील यांनी व्हिन्स पापाले नावाच्या तीस वर्षांच्या गृहस्थाला मस्टरवर घेतले. पापाले शाळामास्तर होता आणि मद्यालयात गिऱ्हाइकांना पेले भरून देण्याचेही काम करी. कॉलेजात तो बांबू घेऊन उंच उडी मारी. कॉलेजचा फुटबॉल तो कधीच खेळला नव्हता. त्याच्यावर २००६ साली चित्रपट निघाला आणि लोकांनी डोळे पुसत पाहिला. चित्रपटाने एक गोष्ट मात्र गाळली. १९७४ साली वर्ल्ड फुटबॉल लीग ही प्रतिस्पर्धी संस्था निघाली होती आणि तिच्या फिलाडेल्फिया बेल या संघातून पापाले दोन मोसम खेळला होता. ती लीग १९७५ साली बुडाली. परंतु जेवढी जगली तेवढ्यात पापालेसारख्यांना तिने हात साफ करायला जागा दिली. जेथे एकच मालक असतो तेथे त्याचा "नाही" हा शेवटचा शब्द असतो. दुसरा कारखाना निघाला की तोच "नाही" थोडा मऊ होतो.

पापाले ईगल्सकडे तीन मोसम राहिला. या तीन मोसमांत त्याने झेललेले चेंडू किती? एक, पंधरा यार्डांचा. ऐकून हसू नये. लाथेने उडवलेल्या चेंडूमागे छाती फुटेस्तोवर धावत जायचे आणि तो घेणाऱ्याला आडवे करायचे, या कामाची तुकडी निराळी असते, आणि पापाले त्या तुकडीचा होता. नवख्याला जी जागा मिळते ती बहुधा अशीच असते. अंग मोडणारी आणि टाळ्या कमी असलेली. तरीही ती जागा खरी असते.

आता तिसरा प्रसंग, आणि तो आम्हांला सर्वांत जड जाणारा. खेळाडूंनी १९५६ साली आपली संघटना स्थापन केली. पहिल्या मागण्या अगदी साध्या होत्या : किमान पगार ठरवा, खेळण्याचे साहित्य संघाच्या खर्चाने द्या, जखमी झाल्यास पगार तोडू नका. १९८२ साली, आपल्या मुंबईत गिरणी कामगारांचा संप चालू असतानाच, तिकडे हे खेळाडू ५७ दिवस संपावर होते. १९८७ च्या सप्टेंबरात पुन्हा संप झाला. कराराची मुदत संपल्यावर मनाजोगत्या संघाकडे जाण्याची मोकळीक, ही मुख्य मागणी. या वेळी मालक तयारीत होते. एका आठवड्याचे सामने रद्द झाले आणि पुढच्या आठवड्यापासून मैदानावर बदली गडी उतरले.

हे बदली कोण होते? छावणीतून कापलेले, बुडालेल्या संघांतले, कुठे किरकोळ नोकरी करणारे. ज्यांची नावे मस्टरवर कधी लागलीच नसती असे बरेचजण. म्हणजे आपल्या प्रश्नाचे उत्तर एका रात्रीत "होय" असे झाले! नवख्याला जागा मिळाली, शेकड्यांनी मिळाली. आणि ती संपावरील माणसाची होती. फिलाडेल्फियात ट्रकचालकांच्या आणि इतर कामगारांच्या संघटना मैदानाच्या फाटकांवर उभ्या राहिल्या. साठ हजारांहून अधिक प्रेक्षकांच्या त्या मैदानात त्या दिवशी चार हजारांच्या आसपास लोक बसले होते. परंतु सगळीकडे असे घडले नाही. दूरचित्रवाणीवर सामने दिसत राहिले, काही नियमित खेळाडूच फुटून आत गेले आणि २४ दिवसांनी, मागणी पदरात न पडता, संप मिटला. बदली गडी एकूण तीन आठवडे खेळले आणि त्यांतील बहुतेकांची नावे लगेच कापली गेली.

या बदल्यांचा आम्ही द्वेष करावा काय? संपफोड्या हा शब्द आमच्या तोंडी सहज येतो आणि संपाच्या दिवसांत तो यावाही लागतो. परंतु इतिहास लिहिताना माणसाकडे थोडे थांबून पाहावे. वॉशिंग्टन शहराच्या संघातील बदल्यांनी तिन्ही सामने जिंकले. त्या मोसमात तो संघ अजिंक्य ठरला. नियमितांना विजयाच्या अंगठ्या मिळाल्या, बदल्यांना त्या २०१८ साली, म्हणजे तीस वर्षांनी मिळाल्या. शिकागोकडून तेव्हा तीन सामने खेळलेला शॉन पेटन हा खेळाडू म्हणून कोणाच्या स्मरणात राहिला नसता. पुढे २०१० साली त्याच्याच प्रशिक्षणाखाली न्यू ऑर्लिन्सचा संघ अजिंक्य ठरला. म्हणजे गुण त्यांच्या अंगी नव्हते असे नाही. वर्षानुवर्षे ज्यांच्यासाठी दार उघडले नाही, त्यांच्यासाठी ते नेमके त्याच महिन्यात का उघडले, एवढेच आम्ही विचारतो. मालकाला नवख्याची दया आली नव्हती. जुन्याला नमवायला त्याला नवखा हवा होता. संघटनेनेही येथून धडा घ्यावा : फाटकाबाहेरच्या माणसाचा विचार संपापूर्वी केला नाही, तर संपाच्या दिवशी तो दुसरे कोणी करते.

संघ बदलण्याची मोकळीक पुढे न्यायालयाच्या वाटेने आली. १९९२ साली ज्यूरीने खेळाडूंच्या बाजूने कौल दिला आणि १९९३ च्या करारात ती मागणी मान्य झाली.

शेवटचे उदाहरण आजचे आहे आणि संघ पुन्हा ईगल्सच. जॉर्डन मायलाटा हा ऑस्ट्रेलियातील सिडनीचा, रग्बी खेळणारा, सहा फूट आठ इंच उंचीचा तरुण. परदेशी गड्यांना शिकवण्याची एक योजना लीगने २०१७ साली सुरू केली. तीतून २०१८ साली ईगल्सनी त्याला २३३ व्या क्रमांकावर निवडले. त्या दिवसापर्यंत त्याने अमेरिकन फुटबॉलचा एकही सामना खेळलेला नव्हता. हा खरा कोरा गडी! मग तो काय लगेच मैदानात उतरला? नाही. पहिले दोन मोसम तो एकाही सामन्यात उतरला नाही. पाय कोठे ठेवावा, हात केव्हा टाकावा, इथपासून त्याला शिकवले. दुखणी आली तीही निभावून नेली. २०२० साली तो पहिला सामना खेळला, आणि २०२५ च्या फेब्रुवारीत ईगल्सनी अजिंक्यपद मिळवले तेव्हा तो त्या संघाचा आधारस्तंभ होता. दोन वर्षे पगार देऊन शिकवलेला शिकाऊ उमेदवार काय करू शकतो, याचा याहून चांगला दाखला आम्हांला ठाऊक नाही.

तेव्हा, नवख्याला जागा मिळते काय? मिळते. अंगात कस हवा, दार ठोठावण्याचे धैर्य हवे, पडेल ते काम करण्याची तयारी हवी. हे सर्व तरुणाकडचे. लेनकडे ते होते, पापालेकडे होते, मायलाटाकडेही होते. परंतु वॉशिंग्टनकडेही ते सारे होते आणि त्याची वर्षे बाहेर गेली. म्हणून "मेहनत कर, दार उघडेल" एवढेच सांगून तरुणाची बोळवण करणाऱ्यांशी आमचे जुळत नाही. दार कोणाच्या हाती आहे, ते कोणत्या दिवशी उघडते, शिकण्याचा काळ कोणाच्या खर्चाने जातो, हेही त्याला सांगितले पाहिजे.

आणि नाव मस्टरवर लागले म्हणजे सारे झाले, असेही नाही. खेळाडूंच्या संघटनेच्या हिशेबाप्रमाणे या धंद्यातील सरासरी आयुष्य तीन वर्षांहून थोडे अधिक. आणि तेथील पेन्शनचा हक्क पक्का व्हायला तीन मोसम भरावे लागतात. तिसरा मोसम भरतो की आधीच नाव कापले जाते, यावर त्या गड्याचे म्हातारपण अवलंबून असते. नवख्याचे नाव मस्टरवर लावून घेणे हे त्याचे स्वतःचे काम. ते तीन मोसम टिकावे याची तजवीज करणे हे संघटनेचे.