एक पत्र, ५० वर्षं आणि तिशीचा हिशोब

इतिहास म्हटलं की आपल्याला लढाया आणि तह आठवतात. आज मी एका पत्राचा इतिहास सांगणार आहे. सिगारेट सोडली तर किती आयुष्य परत मिळतं, याचा हिशोब त्या पत्रातून निघाला. फक्त त्याला ५० वर्षं लागली.

दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनमध्ये फुफ्फुसाच्या कॅन्सरचे बळी झपाट्याने वाढत होते. कारण शोधायचं काम आलं डॉक्टर रिचर्ड डॉल आणि संख्याशास्त्रज्ञ ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांच्याकडे. डॉल यांचा पहिला संशय रस्त्यावरच्या डांबरावर होता. सिगारेटकडे बोट कोण दाखवणार? तिथले दहातले सुमारे आठ पुरुष तंबाखू ओढायचे. खुद्द डॉलही ओढायचे!

दोघांनी लंडनच्या हॉस्पिटलांमध्ये कॅन्सरचे ६४९ पुरुष रुग्ण घेतले आणि इतर आजारांचेही तेवढेच. कधीच तंबाखू न ओढलेले किती? इतर आजारांच्या गटात २७, कॅन्सरच्या गटात फक्त २. हे १९५० साली छापून आलं. आकडे समोर येत होते तेव्हाच डॉल यांनी सिगारेट सोडून दिली.

पण लोकांना पटलं नाही. मग १९५१ मध्ये ब्रिटनमधल्या जवळपास ६०,००० डॉक्टरांना एक पत्र गेलं. प्रश्न अगदी थोडे: ओढता का? किती? सोडली असेल तर कधी? ४०,००० हून जास्त उत्तरं आली. आता फक्त वाट बघायची, की कोण कशाने जातं. १९५४ च्या पहिल्या अहवालात फुफ्फुसाच्या कॅन्सरने गेलेले ३६ डॉक्टर होते. छत्तीसच्या छत्तीस ओढणारे.

आपल्या इंजिनिअर लोकांचा आवडता आक्षेप असतो ना, की दोन गोष्टी सोबत दिसल्या म्हणजे एकीमुळे दुसरी झाली असं नाही. तोच आक्षेप घेतला रोनाल्ड फिशर यांनी. आपण आज जे स्टॅटिस्टिक्स शिकतो, त्याचा पाया घालणारा हा माणूस. ते स्वतः पाइप ओढायचे आणि तंबाखू कंपन्यांचे सल्लागारही होते. त्यांचं म्हणणं असं, की सिगारेटची ओढ आणि कॅन्सर, दोन्ही एकाच जनुकामुळे येत असतील.

याचं उत्तर मला फार आवडतं, कारण ते त्याच डॉक्टरांनी दिलं, तेही नकळत. अहवाल वाचून त्यांतल्या अनेकांनी सिगारेट सोडली. जनुकं होती तीच राहिली, सिगारेट तेवढी गेली. आणि ओढत राहिलेल्यांपेक्षा त्यांचा धोका कमी कमी होत गेला.

२००४ साली ५० वर्षांचा हिशोब छापला गेला, तेव्हा डॉल ९१ वर्षांचे होते. ओढत राहणाऱ्यांचं आयुष्य सरासरी सुमारे १० वर्षांनी घटलं होतं. साठाव्या वर्षी सोडली तर ३ वर्षं वाचतात, पन्नासाव्या वर्षी ६, चाळिसाव्या वर्षी ९ आणि तिसाव्या वर्षी जवळपास सगळी १०.

‘हे गोऱ्या डॉक्टरांचं झालं, आपलं काय?’ असं कुणी म्हणेल. भारतातल्या मृत्यूंचा मोठा अभ्यास २००८ मध्ये आला. सिगारेट ओढणाऱ्या पुरुषांची इथेही सुमारे १० वर्षं जातात. बिडीने पुरुषांची सुमारे ६ जातात, बायकांची ८.

माझी तिशी जवळ आलीय, तुमच्यातल्या बऱ्याच जणांचीही आली असेल. ऑफिसखालच्या टपरीवर ‘लग्नानंतर सोडू’, ‘प्रमोशन झालं की सोडू’ हे मी रोज ऐकतो. दुसरीकडे ‘आता एवढी वर्षं ओढली, सोडून काय उपयोग’ म्हणणारे काकाही असतात. दोघांचंही उत्तर त्या आकड्यांत आहे. काकांची ३ वर्षं अजून शिल्लक आहेत. आपली तर जवळपास दहाच्या दहा!

सोडताना त्रास होतो, कारण निकोटिनची सवय चिवट असते. एकट्याने जमत नसेल तर सरकारची मोफत हेल्पलाइन आहे: १८००-११-२३५६. नंबर सेव्ह करा आणि हा भाग टपरीवरच्या ग्रुपमध्ये नक्की टाका. भेटू पुढच्या भागात!