मॅटाडोरचा गिअर, कॅराव्हॅनचं तेल

आजचा भाग गिअरबॉक्सवर आहे. थांबा, लगेच स्किप करू नका. घरात ऑटोमॅटिक गाडी असेल किंवा सेकंडहँड घ्यायचा विचार चालू असेल, तर ही गोष्ट थेट तुमच्या खिशाशी येऊन थांबते.

आपण माल वाहणाऱ्या कुठल्याही लहान गाडीला टेम्पो म्हणतो. ते नाव एका जर्मन कंपनीचं. हॅम्बर्गजवळची 'विडाल अँड सोन टेम्पो वेर्के'. १९५८ साली तिच्या सहकार्याने नवलमल फिरोदियांची बजाज टेम्पो उभी राहिली, तीच आजची फोर्स मोटर्स. आधी तीनचाकी हॅन्सीट आली, मग १९६९ मध्ये मॅटाडोर. ही व्हॅन खेड्यापाड्यांत किती काय वाहायची! कापूस, लग्नाचं वऱ्हाड, दवाखान्यात न्यायचा पेशंट, सगळं.

आता बुलडाणा जिल्हा डोळ्यांसमोर आणा. आमच्याकडे जिल्ह्याचे सरळ दोन भाग पडतात, घाटावर आणि घाटाखाली. मलकापूर, नांदुरा, खामगाव, शेगाव हे खाली सपाटीला. बुलडाणा, चिखली, मेहकर वर. मध्ये अजिंठ्याची डोंगररांग. मलकापूरहून बुलडाण्याला जायचं तर राजूरचा घाट चढावाच लागतो. असा घाट म्हणजे गिअरबॉक्सची तोंडी परीक्षाच.

मॅटाडोरला ऑटोमॅटिक गिअर नव्हता. गिअर हाताने टाकायचा, त्यामुळे त्याचं दुखणंही हातालाच कळायचं. चढावर गिअर आपोआप सुटला, तर जुना मिस्त्री आधी दांडी हलवून बघायचा. दांडी फार ढिली लागली की त्याचा पहिला संशय गिअरबॉक्सवर जात नसे. दांडीपासून बॉक्सपर्यंत जे रॉड आणि बुश असतात, ते झिजलेत का, हे तो आधी पाहायचा. मग इंजिनचे माउंटिंग. मग क्लच पूर्ण सुटतोय का. बॉक्स खोलायची पाळी सगळ्यात शेवटी. स्वस्तातलं आधी, महागातलं नंतर. हा क्रम कुठल्या पुस्तकात वाचून आलेला नव्हता, गिऱ्हाईकाची ऐपत बघून आलेला होता.

तिकडे अमेरिकेत मात्र गिअर हाताने टाकायची कटकट केव्हाच संपत आली होती. त्याचं मूळ जहाजात आहे. १९०५ मध्ये हेर्मान फॉटिंगर या जर्मन इंजिनियरने तेलातून ताकद पुढे पाठवायच्या यंत्राचं पेटंट घेतलं. दोन पंखे समोरासमोर, मध्ये तेल. एक फिरला की तेलाच्या जोराने दुसराही फिरतो. याच कल्पनेवर १९३९ मध्ये जनरल मोटर्सने 'हायड्रा-मॅटिक' बाजारात आणला, क्लचचं पेडलच नसलेला. गंमत म्हणजे तेव्हा याच कंपनीचा गाड्या जोडायचा कारखाना आपल्या मुंबईत शिवडीला होता, १९२८ पासून. १९५४ मध्ये तो बंद झाला. पुढची कित्येक वर्षं ऑटोमॅटिक हा शब्द इकडच्या गॅरेजच्या पाटीवर आलाच नाही.

जुन्या ऑटोमॅटिकला कॉम्प्युटर नव्हता. मग गिअर कधी बदलायचा हे त्याला कळायचं कसं? तराजू समजा. एका पारड्यात गाडीचा वेग. वेग वाढला की गव्हर्नर नावाचा भाग त्या बाजूच्या तेलाचा दाब वाढवतो. दुसऱ्या पारड्यात तुमचा पाय. अॅक्सिलरेटर जितका दाबाल तितका त्या बाजूचा दाब जास्त. वेगाचं पारडं जड झालं की मधला व्हॉल्व्ह सरकतो आणि वरचा गिअर पडतो. बस्स, एवढंच. म्हणून गिअर उशिरा पडत असेल, तर कधीकधी दोष बॉक्सच्या बाहेरच असतो. पायाकडची केबल चुकीची ताणलेली असते किंवा इंजिनकडून येणारी व्हॅक्यूमची रबरी नळी फाटलेली असते. बॉक्सला वाटतं, मालक अजून जोरात दाबतोय! काही रुपयांची नळी, आणि त्यापायी अख्खा बॉक्स खाली उतरतो.

आता या भागातली माझी सगळ्यात आवडती गोष्ट. १९८४ च्या मॉडेलपासून डॉज कॅराव्हॅन आली. अमेरिकेतल्या मध्यमवर्गाची ही घरगुती व्हॅन, तिकडे गेलेल्या आपल्या लोकांनीही भरपूर वापरलेली. १९८९ मध्ये क्रायस्लरने त्यात चार गिअरांचा 'अल्ट्राड्राइव्ह' बसवला. तराजू गेला, कॉम्प्युटर आला. आत जाणारा आणि बाहेर पडणारा वेग सेन्सर मोजणार, हिशोब जुळला नाही तर कॉम्प्युटर गाडीला दुसऱ्या गिअरमध्ये अडकवून ठेवणार. हेतू एकच, बॉक्स जळू नये आणि माणूस हळूहळू का होईना घरी पोचावा. पण गिऱ्हाईकाला काय दिसायचं? गाडी दुसऱ्याच्या पुढे जातच नाही. म्हणजे गिअरबॉक्स गेला!

बरेच बॉक्स खरंच गेले, नाही असं नाही, त्या डिझाइनमध्ये दोष होतेच. पण एक मोठं कारण तेल होतं. कंपनीचं खास तेल मिळालं नाही तर बाजारातलं 'डेक्सरॉन' चालेल, असं गाडीच्या पुस्तकातच छापलेलं. ते चाललं नाही. आतल्या क्लचला त्या तेलाची पकड वेगळी लागायची, गाडी थरथरायची, गिअर झटक्याने पडायचे. शेवटी कंपनीलाच सांगावं लागलं की आमचंच तेल घाला. आणि जिथे फक्त स्पीड सेन्सर मेला होता, तिथेही बॉक्स बदलला की खर्च गिऱ्हाईकाच्या माथी. माझ्या मते इथे मशीनपेक्षा माहिती जास्त नापास झाली.

हे सगळं आत्ता का सांगतोय? घाटाखालच्या एका श्रोत्याचा व्हॉइस मेसेज आलाय. "भाऊ, जुनी ऑटोमॅटिक घेतली. घाटात गेर बदलतच नाही, इंजिन नुसतं बोंबलते. मिस्त्री म्हणते, पूर्ण बॉक्स टाका."

भाऊ, आधी तुमची गाडी कुठल्या जातीची ते बघा. फेब्रुवारी २०१४ मध्ये मारुतीची सेलेरिओ आली, तेव्हापासून आपल्याकडे स्वस्त ऑटोमॅटिक म्हणजे बहुतेक वेळा एएमटी. आत साधाच मॅन्युअल बॉक्स आणि साधीच क्लच प्लेट असते. फक्त तुमच्या हातापायाचं काम एक छोटा पंप आणि कॉम्प्युटर करतात. तिथे इंजिन बोंबलतंय आणि गाडी उठत नाही, तर पहिला संशय क्लच प्लेटवर. बॅटरी कमजोर असली तरी ही यंत्रणा रुसते. आणि प्लेट बदलल्यावर स्कॅनर लावून कॉम्प्युटरला नवा क्लच 'शिकवावा' लागतो. ते राहिलं तर नव्या प्लेटवरही झटके येतात, आणि नाव बॉक्सचं खराब होतं.

तुमची गाडी तेलावर चालणारी, टॉर्क कन्व्हर्टरवाली असेल, तर तेल बघा. कंपनीच्या पुस्तकात सांगितलंय तसंच, बहुतेक वेळा गाडी सपाटीवर, इंजिन गरम आणि चालू ठेवून. कमी असेल तर पंप हवा ओढतो आणि गिअर घसरतो. काळपट झालंय आणि जळका वास येतोय, तर आतल्या प्लेटा जळल्यात, तुमचा मिस्त्री बरोबर असू शकतो. तेल स्वच्छ असेल, तर स्कॅनर लावून कोड वाचल्याशिवाय बॉक्सला पान्हा लावू देऊ नका. कोड कागदावर लिहून मागा. ऑफरोडचा शौक असलेला एखादा पोरगा तुमच्याकडे स्कॅनर घेऊन फिरत असेलच, त्याला एक चहा पाजा.

आणि तेल घालताना डब्यावरचं नाव पुस्तकातल्या नावाशी अक्षर न् अक्षर जुळवून घ्या. "हेच चालते" असं दुकानदार म्हणाला तरी.