उष्ण तंबू

उष्ण तंबू म्हणजे ज्याच्या आत धुराड्यासह शेगडी पेटवता येते असा तंबू होय. इंग्रजीत त्यास 'हॉट टेंट' असे म्हणतात. थंड प्रदेशांतील शिकारी, मासेमार, हिवाळी प्रवासी व सैनिक यांच्याकडून त्याचा वापर होतो. उत्तर अमेरिकेतील रॉकी पर्वतरांगेत शरद ऋतूच्या उत्तरार्धात एल्क, म्यूल डिअर इत्यादी हरणांच्या शिकारीसाठी पाठीवर वाहून नेला जाणारा हलका उष्ण तंबू हा या प्रकाराचा अलीकडचा विकास आहे. प्रस्तुत लेखात प्रामुख्याने त्याची रचना, मर्यादा व निवडीचे निकष यांचा विचार केला आहे.

हलक्या तंबूतील शेगडी रात्रभर ऊब देऊ शकत नाही. ओले कपडे, बूट व झोपपिशवी वाळवणे, बर्फ वितळवून पाणी मिळवणे आणि थकलेल्या शरीराला काही काळ विसावा देणे हे तिचे खरे कार्य आहे. निवडीचे बहुतेक निकष या एका वस्तुस्थितीतून निघतात.

पार्श्वभूमी

तंबूत अग्नी बाळगण्याची प्रथा प्राचीन आहे. उत्तर युरोपातील सामी लोकांचा 'लाव्वू', सायबेरियातील नेनेत्स लोकांचा 'चुम' आणि उत्तर अमेरिकेच्या मैदानी प्रदेशातील मूलनिवासींचा 'टीपी' हे तिन्ही निवारे शंकूच्या आकाराचे असून त्यांत मध्यभागी विस्तव व शेंड्याशी धूर जाण्यास वाट अशी योजना असे. अमेरिकी लष्करातील अधिकारी हेन्री हॉपकिन्स सिब्ली याने टीपीवरून प्रेरणा घेऊन मध्यभागी एकच खांब असलेल्या शंक्वाकार तंबूचे एकस्व १८५६ मध्ये मिळवले. या तंबूसाठी वापरली जाणारी पत्र्याची शेगडीही त्याच्याच नावाने ओळखली जाते. कॅनडातील इनू व क्री लोकांमध्ये जाड सुती कापडाचा तंबू आणि पत्र्याची शेगडी बर्फावरील घसरगाडीवर लादून हिवाळी शिकारीला जाण्याची परंपरा रूढ झाली.

अमेरिकेच्या पश्चिम भागात उभ्या भिंतींचा सुती तंबू ही शिकारी छावणीची ओळख ठरली. मोठ्या आकाराच्या अशा तंबूचे वजन लोखंडी चौकटीसह ३० किलोग्रॅमहून अधिक भरते. त्यामुळे तो घोडे, खेचरे किंवा मोटारगाडी यांच्याविना नेता येत नाही. १९६४ च्या वन्यप्रदेश कायद्यानुसार राखून ठेवलेल्या क्षेत्रांत मोटारवाहनांना सामान्यतः मज्जाव आहे. ज्यांच्याकडे ओझ्याची जनावरे नाहीत, त्यांना अशा क्षेत्रात सर्व सामान पाठीवरच न्यावे लागते. सिलिकॉनचा लेप दिलेले नायलॉन आणि टायटॅनियमचा पातळ पत्रा उपलब्ध झाल्यावर या गरजेतून हलका उष्ण तंबू आकारास आला. कोलोरॅडो राज्यातील किफारू आणि सीक आउटसाइड या कंपन्या अशा तंबूंसाठी परिचित आहेत.

शिकारी छावणीची विशेष गरज

कोलोरॅडोतील एल्कच्या शिकारीचे बंदुकीचे हंगाम ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये येतात. या काळात उंचावरील छावणीत दिवसा पाऊस आणि रात्री हिमवर्षाव असा अनुभव वारंवार येतो. शिकारी पहाटे चढ चढताना घामाने भिजतो आणि त्यानंतर तासन्‌तास निश्चल बसून राहतो. शरीराचे आंतरिक तापमान ३५ अंश सेल्सिअसच्या खाली गेल्यास अल्पतापावस्था उद्भवते. ओले कपडे व वारा यांच्या संयोगाने ती गोठणबिंदूच्या वरच्या तापमानातही होऊ शकते.

मुक्काम अनेक दिवसांचा असल्यास झोपपिशवीतही रोज थोडी आर्द्रता साठते. पिसांची झोपपिशवी ओलावल्यावर तिचा फुगीरपणा व ऊब दोन्ही घटतात. एक रात्र ही अडचण सोसता येते, परंतु आठवडाभराच्या मुक्कामात वाळवण्याचे साधन नसल्यास छावणी मोडावी लागते. शिवाय शिकार साधल्यास मांस अनेक फेऱ्यांत वाहून आणावे लागते. म्हणून छावणीच्या सामानातील प्रत्येक किलोग्रॅमला महत्त्व असते.

आकार

हलके उष्ण तंबू बहुधा शंकू किंवा पिरॅमिडच्या आकाराचे असून एकाच खांबावर उभे राहतात. तीव्र उतारामुळे बर्फ घसरून पडतो आणि चहूबाजूंनी ताण समान राहिल्यास वाऱ्यालाही ते टिकाव धरतात. मात्र कडेची जागा बुटकी असल्याने तिचा उपयोग केवळ सामान ठेवण्यापुरता होतो. उत्पादकांनी सांगितलेली माणसांची संख्या बहुधा शेगडीविना मोजलेली असते. शेगडी, सरपण व ओले सामान धरल्यास प्रत्यक्ष क्षमता साधारणतः निम्मी समजली जाते.

या तंबूंना सहसा तळ नसतो. त्यामुळे वजन वाचते, चिखलाचे बूट घालून आत येता येते आणि निखारा पडल्यास जमिनीचे कापड जळत नाही. तळाच्या कडेला कापडाची झालर असल्यास तिच्यावर बर्फ किंवा माती दाबून वारा अडवता येतो. तथापि ज्वलनासाठी ताजी हवा आवश्यक असल्यामुळे ही कड पूर्णपणे बंद करणे अयोग्य ठरते. बर्फात साध्या खुंट्या टिकत नसल्याने ताणदोर लाकडी ओंडक्याला बांधून तो बर्फात पुरतात.

कापड

सुती कापड ठिणगीने वितळत नाही व त्यातून बाष्प बाहेर जाते, परंतु ते जड असते आणि भिजल्यावर अधिकच जड होते. सिलिकॉनयुक्त नायलॉन हलके व बळकट असते. मात्र ओले झाल्यावर ते सैल पडते आणि ताणदोर पुन्हा ओढावे लागतात. पॉलिस्टर त्या मानाने कमी सैलावते. दोन्ही कापडे २०० अंश सेल्सिअसहून अधिक तापमानास वितळतात. डायनिमा तंतूंचे कापड वजनाने सर्वांत हलक्या कापडांपैकी असले, तरी त्याचे तंतू १५० अंशांच्या आतच वितळतात. त्यामुळे शेगडीजवळ ते वापरताना विशेष दक्षता घ्यावी लागते. धुराड्यातून उडालेल्या ठिणग्यांनी छतास टाचणीएवढी भोके पडणे ही सर्वच कृत्रिम कापडांतील नित्याची बाब असून ती सिलिकॉनच्या गोंदाने बुजवता येतात.

धुराडे जिथून बाहेर पडते तिथे काचतंतूंच्या उष्णतारोधक कापडाचा तुकडा शिवलेला असतो. त्यास 'स्टोव्ह जॅक' असे नाव आहे. ज्या तंबूत तो नाही, त्यात शेगडी पेटवणे धोकादायक आहे.

शेगडी व धुराडे

घडीच्या शेगड्या टायटॅनियम किंवा पोलादाच्या पातळ पत्र्यांच्या असतात. टायटॅनियमची घनता पोलादाच्या सुमारे ५८ टक्के असल्याने वजनात मोठी बचत होते, परंतु किंमत वाढते. अशा शेगडीचे धुराडे म्हणजे एक सपाट पत्रा असतो. तो गुंडाळून नळी करतात व कड्यांनी आवळतात. पहिल्यांदा तापल्यावर पत्र्यास गोलाई धरते. त्यामुळे नवी शेगडी प्रवासापूर्वी उघड्यावर एकदा पेटवून घेण्याची पद्धत आहे. नळीतील झडप ज्वलनाचा वेग आवरते आणि टोकाची जाळी ठिणग्या अडवते. ही जाळी काजळीने बुजल्यास धूर तंबूत परततो, म्हणून ती वरचेवर साफ करावी लागते.

लहान शेगडीत सरपण कमी मावते आणि एका भरणीत ती साधारणतः अर्धा ते एक तास चालते. पातळ कापडास उष्णतारोधक गुण जवळजवळ नसल्याने आग विझल्यावर काही मिनिटांतच आतील तापमान बाहेरच्या पातळीवर येते. मोठ्या तंबूत रात्रभर शेगडी चालवायची झाल्यास कोणास तरी जागावे लागते. फिनलंडच्या लष्करात शेगडीच्या तंबूतील अशा पहारेकऱ्यास 'किपिनामिक्को' हे स्वतंत्र नाव आहे. दोन-तीन शिकाऱ्यांच्या छावणीत असा पहारा शक्य नसतो. म्हणून झोपपिशवी व अंथरूण शेगडी नाहीच असे गृहीत धरून, अपेक्षित किमान तापमानानुसार निवडतात.

इंधन

कोरडे लाकूड हे सर्वसाधारण इंधन होय. पडलेल्या ओंडक्याचा आतला भाग ओल्या हवेतही बरेचदा कोरडा सापडतो, परंतु तो फोडण्यासाठी करवत व कोयता किंवा कुऱ्हाड जवळ हवी. शेगडीच्या वजनात या हत्यारांचेही वजन धरणे आवश्यक आहे. वृक्षरेषेच्या वर सरपण मिळत नसल्याने तेथे शेगडी निरुपयोगी ठरते. वणव्याच्या काळात अग्निबंदी लागू असल्यास धुराड्याच्या शेगडीस परवानगी आहे किंवा नाही, हे त्या त्या क्षेत्राच्या नियमांवर अवलंबून असते.

धुराडे नसलेले गॅसचे हीटर वापरण्यास सोपे असले तरी त्यांचे ज्वलनजन्य वायू तंबूतच राहतात. १ किलोग्रॅम प्रोपेन जळल्यावर सुमारे १.६ किलोग्रॅम पाणी बाष्परूपाने तयार होते. हे बाष्प थंड कापडावर जमून थेंबांच्या रूपाने खाली पडते. परिणामी हवा गरम होऊनही कपडे नीट वाळत नाहीत. ब्युटेन −०.५ अंश सेल्सिअसखाली वायुरूप होत नाही. प्रोपेनचा उत्कलनबिंदू −४२ अंश असल्यामुळे कडाक्याच्या थंडीत तोच उपयोगी पडतो. लाकडाच्या शेगडीतील बाष्प धुराड्यावाटे बाहेर जाते, हा तिचा मोठा गुण होय.

धोके

अपुऱ्या हवेत ज्वलन झाल्यास कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. या वायूस रंग व वास नसतो आणि रक्तातील हिमोग्लोबिनशी तो ऑक्सिजनपेक्षा २०० पटींहून अधिक घट्ट बांधला जातो. डोकेदुखी, मळमळ व गुंगी ही त्याची प्रारंभिक लक्षणे असली, तरी झोपलेल्या माणसास ती जाणवत नाहीत. त्यामुळे तळाशी व शेंड्याशी हवेची वाट मोकळी ठेवणे, विजेरीवर चालणारा सूचक बाळगणे आणि झोपण्यापूर्वी आग पूर्ण विझू देणे हे नियम अनिवार्य मानले जातात. हिमवर्षावात तंबूच्या तळाची वाट बर्फाने बंद झाली नाही ना, हे रात्री पाहावे लागते.

आगीच्या दृष्टीने शेगडी दारापासून दूर असावी व बाहेर पडण्याचा मार्ग तिच्यावरून जाऊ नये. कापड कापण्यासाठी चाकू हाताशी ठेवतात. अस्वलांचा वावर असलेल्या प्रदेशात मांस व अन्न तंबूत न ठेवता दूर टांगतात.

निवडीचे निकष

निवड करताना पुढील क्रम उपयुक्त ठरतो.

१. मुक्कामाच्या जागी कोरडे सरपण मिळेल काय? न मिळाल्यास शेगडीऐवजी अधिक उबदार झोपपिशवी नेणे श्रेयस्कर.
२. मुक्काम किती दिवसांचा? एक-दोन रात्रींसाठी शेगडीचे ओझे सहसा परवडत नाही. पावसाळी हवेतील दीर्घ मुक्कामात ते सार्थकी लागते.
३. तंबू, खांब, खुंट्या, शेगडी, धुराडे, करवत यांचे एकत्रित वजन किती आणि ते किती जणांत वाटले जाणार? एकट्या शिकाऱ्यापेक्षा दोघा-तिघांना उष्ण तंबू अधिक परवडतो.
४. अंधारात, वाऱ्यात व गारठलेल्या हातांनी तो उभारता येतो काय?
५. शेगडी बंद पडली तरी रात्र सुरक्षित काढता येईल एवढी झोपेची व्यवस्था सोबत आहे काय?

भारतातील स्थिती

भारतात वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ अन्वये काही अपवाद वगळता वन्य प्राण्यांची शिकार प्रतिबंधित असल्यामुळे शिकारी छावणीसाठी अशा तंबूंचा प्रश्न उद्भवत नाही. मात्र काश्मीर व लडाखमध्ये घरांतून व लष्करी निवाऱ्यांतून वापरली जाणारी 'बुखारी' ही धुराड्याची शेगडी याच तत्त्वावर चालते. बंद जागेतील ज्वलनाबाबत वर दिलेली दक्षता तिलाही तितकीच लागू आहे.