ब्लॉकचेनमधील व्यवहारांची मुदत : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :

देवघेवीच्या इतिहासात पैसे पोहोचले की नाही या प्रश्नाइतकाच, न पोहोचलेले पैसे यापुढे पोहोचणार नाहीत हे केव्हा निश्चित मानावयाचे, हाही प्रश्न महत्त्वाचा राहिला आहे. हुंडीच्या व्यवहारात मूळ हुंडी गहाळ झाल्यास ‘पेठ’ आणि तीही हरवल्यास ‘परपेठ’ लिहून देण्याची रीत होती. मात्र रक्कम त्यांपैकी एकाच कागदावर चुकती होई. ब्लॉकचेन या सामायिक संगणकीय खातेवहीत अशी जबाबदारी पत्करणारा सराफ नाही. स्वाक्षरी करून पाठविलेल्या व्यवहाराची प्रत कोणाच्याही हाती राहू शकते. कालबाह्य व्यवहारांच्या हाताळणीचा विकास प्रस्तुत निबंधात या दृष्टीने तपासला आहे.

मुदतीविना व्यवहार :

जानेवारी २००९ मध्ये सुरू झालेल्या बिटकॉइनमध्ये व्यवहार अमुक वेळेपूर्वी नोंदवू नये असे सांगण्याची सोय आहे. अमुक वेळेनंतर तो रद्द समजावा असे सांगण्याची नाही. ही उणीव अनवधानाने राहिलेली नव्हे. सातोशी नाकामोतो यांनी २०१० मध्येच अशा तरतुदीस विरोध केला होता. साखळीतील अखेरचे ब्लॉक बदलले गेल्यास मुदत उलटलेला व्यवहार नव्या ब्लॉकमध्ये येऊ शकणार नाही आणि त्यावर आधारलेले पुढील व्यवहारही कोसळतील, असा त्यांचा मुद्दा होता. आक्षेप सबळ होता; त्याची किंमत मात्र ताटकळणाऱ्या वापरकर्त्याने मोजली. फेब्रुवारी २०१६ मध्ये ‘बिटकॉइन कोअर’च्या ०.१२ आवृत्तीने प्रतीक्षायादीतील व्यवहार ७२ तासांनी वगळण्यास प्रारंभ केला. २०१७ मधील ०.१४ आवृत्तीने ही मर्यादा ३३६ तासांवर नेली. तथापि यादीतून वगळणे म्हणजे रद्द करणे नव्हे. जपून ठेवलेली प्रत पुन्हा पाठविता येते. २०१५ मध्ये सुरू झालेल्या इथेरियममध्येही जुना व्यवहार निष्प्रभ करावयाचा तर त्याच अनुक्रमांकाचा दुसरा व्यवहार अधिक शुल्क देऊन नोंदवावा लागतो.

मुदतीचा स्वीकार :

झीकॅशने जून २०१८ मधील ‘ओव्हरविंटर’ सुधारणेद्वारे व्यवहारातच अखेरच्या ब्लॉकची मर्यादा नमूद करण्याची सोय केली. तेव्हाची सर्वसाधारण मुदत २० ब्लॉकची, म्हणजे सुमारे ५० मिनिटांची होती. मार्च २०२० मध्ये सुरू झालेल्या सोलानाने ही कल्पना टोकास नेली. तेथे व्यवहारात नजीकच्या ब्लॉकचा हॅश, म्हणजे त्याचे ओळखचिन्ह, घालावे लागते आणि त्यानंतर १५० ब्लॉक उलटले की तो बाद होतो. हा अवधी जेमतेम एक ते दीड मिनिटाचा. एकच व्यवहार दोनदा नोंदला जाऊ नये म्हणून मागील व्यवहार स्मृतीत ठेवावे लागतात. मुदत आखूड असल्यास थोडी स्मृती पुरते.

विकसकाची खरी कसोटी येथे लागते. उत्तर येत नाही म्हणून नवा हॅश घालून ग्राहकाची दुसरी स्वाक्षरी घेतली आणि पहिल्या व्यवहाराची मुदत अद्याप शिल्लक असली, तर दोन्ही वैध राहतात व पैसे दोनदा जातात. घड्याळ लावून थांबणेही पुरेसे नाही, कारण मुदत मिनिटांत नव्हे तर ब्लॉकमध्ये मोजली जाते. तोच स्वाक्षरीयुक्त व्यवहार पुनःपुन्हा पाठवीत राहावे, पक्क्या झालेल्या ब्लॉकचा क्रमांक मर्यादेपलीकडे गेल्याचे पाहावे, नोंद शोधावी आणि मगच नवी स्वाक्षरी मागावी, हा क्रम त्यामुळे अपरिहार्य ठरतो.

अनेकांच्या स्वाक्षऱ्या गोळा करण्यास मात्र दीड मिनिट अपुरे पडते. त्यासाठी सोलानात ‘ड्युरेबल नॉन्स’ ही सवलत आहे : विशिष्ट खात्यात जपलेली खूण बदलेपर्यंत व्यवहार जिवंत राहतो. १ जून २०२२ रोजी या सवलतीतील दोष उघड झाला. विशिष्ट परिस्थितीत असा व्यवहार दोनदा प्रक्रियेत येऊ शकत होता. म्हणजे मुदतीचा नियम ज्या धोक्यासाठी केला, तोच अपवादाच्या वाटेने आत आला. जाळ्यातील संगणकांचे एकमत मोडले आणि व्यवहार सुमारे साडेचार तास ठप्प झाले. जाळे पुन्हा सुरू करताना ही सवलत बंद ठेवण्यात आली व दुरुस्तीनंतरच ती पुन्हा खुली झाली.