नॉर्थँगर ॲबी

नॉर्थँगर ॲबी ही इंग्लिश लेखिका जेन ऑस्टिन (१७७५–१८१७) यांची विनोदी कादंबरी आहे. भयकथा वाचून भारावलेल्या कॅथरिन मोरलँड या सतरा वर्षांच्या भोळ्या मुलीची ही कथा असून, तत्कालीन लोकप्रिय भयकादंबऱ्यांचे ते विडंबनही आहे.

लेखन व प्रकाशन

कादंबरीचे मूळ लेखन १७९८–९९ च्या सुमारास झाले. त्या वेळी तिचे नाव ‘सुझन’ होते. १८०३ मध्ये लंडनच्या क्रॉस्बी या प्रकाशकाने हे हस्तलिखित दहा पौंडांना विकत घेतले, परंतु छापले नाही. १८१६ मध्ये ते तेवढ्याच रकमेला परत घेण्यात आले. ऑस्टिन यांच्या मृत्यूनंतर डिसेंबर १८१७ मध्ये ‘पर्सुएशन’ या कादंबरीसह ते प्रकाशित झाले; मुखपृष्ठावर मात्र १८१८ हे साल आहे. सोबतच्या चरित्रात्मक टिपणात त्यांचे बंधू हेन्री यांनी लेखिकेचे नाव प्रथमच जाहीर केले.

कथानक

पाद्र्याच्या दहा अपत्यांपैकी एक असलेली कॅथरिन शेजारच्या ॲलन दांपत्याबरोबर बाथ या शहरात येते. तेथे तिची मैत्री इझाबेला थॉर्प या चतुर मुलीशी होते आणि हेन्री टिल्नी हा मिस्कील तरुण तिला आवडू लागतो. हेन्रीचे वडील जनरल टिल्नी तिला आपल्या नॉर्थँगर ॲबी या घरी बोलावतात. पूर्वीच्या मठाच्या या वास्तूत काहीतरी भयंकर दडले असणार, अशी तिची खात्री असते. वादळी रात्री जुन्या कपाटात सापडलेले कागद सकाळी धोब्याची बिले निघतात. पुढे जनरलने पत्नीचा घात केला असावा, असा संशय ती घेते. हेन्रीला तो कळतो आणि ती खजील होते.

काही दिवसांनी जनरल तिला भल्या पहाटे, सोबतीला नोकरही न देता, घराबाहेर काढतो. ती श्रीमंत वारसदार आहे ही त्याची समजूत खोटी ठरलेली असते. शेवटी हेन्री वडिलांचे न ऐकता तिला मागणी घालतो आणि कालांतराने विवाहाला संमती मिळते.

विनोदाचे स्वरूप

नायिकेला शोभेल असे कॅथरिनमध्ये काहीही नाही, असे निवेदक आरंभीच सांगते. वाचक बहुधा कॅथरिनच्या एक पाऊल पुढे असतो. इझाबेलाची लबाडी तिच्याआधी त्याला कळते. मात्र हा विनोद केवळ तिच्या भाबडेपणावर नाही. जनरल खुनी नसला तरी निर्दय आहे. तिचा तर्क चुकतो, पण त्याच्याविषयी वाटणारी अस्वस्थता सर्वस्वी चुकत नाही. खरा धोका तळघरात नसून पैशावर माणसाची किंमत ठरवण्यात आहे, हे तिला स्वानुभवाने कळते.

ॲन रॅडक्लिफ यांच्या ‘द मिस्टरीज ऑफ युडॉल्फो’ (१७९४) या कादंबरीचा येथे वारंवार उल्लेख येतो. तरीही ऑस्टिन यांनी कादंबरीवाचनाचा धिक्कार केलेला नाही. पाचव्या प्रकरणात त्यांनी या साहित्यप्रकाराची ठाम बाजू घेतली आहे.

मराठी कादंबरीच्या संदर्भात

मराठीत या साहित्यप्रकाराचे नावच बाणभट्टाच्या ‘कादंबरी’ या कथेच्या नायिकेवरून आले आहे. लक्ष्मण मोरेश्वर हळबे यांची ‘मुक्तामाला’ (१८६१) आणि नारो सदाशिव रिसबूड यांची ‘मंजुघोषा’ (१८६८) या अद्भुतरम्य कादंबऱ्यांनंतर हरि नारायण आपटे यांनी वास्तवाकडे वळण घेतले. त्यांच्या ‘पण लक्षात कोण घेतो?’ या कादंबरीतील यमूही प्रारंभी अजाण आहे आणि तिच्या निरागस निवेदनातून घरातील अन्याय उघड होतो. भोळ्या दृष्टीतून समाज दाखवण्याची रीत दोन्हींत आहे. मात्र कॅथरिनची कथा सुखान्त होते, तर यमूची शोकान्त.

रूपांतरे

कादंबरीवर १९८७ व २००७ मध्ये दूरचित्रवाणी चित्रपट निघाले. २००७ च्या चित्रपटात फेलिसिटी जोन्स यांनी कॅथरिनची भूमिका केली.